कागदी तळ्यातली मरळ

आमच्या घरात दिवाणाच्या मागे गळाच्या पाच काठ्या उभ्या असतात. माझा नवरा दीपक त्यांना रॉड म्हणतो, आणि मी काठ्या म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. दिवसा तो सातपूरच्या एका कारखान्यात नटबोल्ट तपासतो आणि उरलेल्या वेळात बास नावाच्या माशाचा अभ्यास करतो. बास अमेरिकेत असतो. आपल्या गोदावरीत नाही, गंगापूर धरणात नाही, नाशिकच्या मासळीबाजारात तर कुणी त्याचं नावही ऐकलेलं नाही. पण तो कोणत्या ऋतूत किती खोल जातो आणि ढगाळ दिवशी काय खातो, हे माझ्या नवऱ्याला तोंडपाठ आहे. माझ्या वाढदिवसाची मात्र त्याला फोनच आठवण करून देतो.

चिडवायची मी एक संधी सोडत नाही, पण खरं सांगायचं तर त्या सामानाचं मलाही भारी कुतूहल होतं. मी आयटीआयमध्ये शिवण शिकवते. दोरा, सुई, गाठ हा माझ्या पोटापाण्याचा विषय, आणि दीपकच्या पेटीत दोऱ्यांचे प्रकार तरी किती! एक पारदर्शक, एकसंध, ओढला की ताणला जाणारा. दुसरा बारीक पेडांचा विणलेला, हिरवा, तसूभरही न ताणणारा. तो मी एकदा गुपचूप जीन्सच्या शिवणीला लावून पाहिला आणि मशीनची सुई मोडून बसले. दीपक गच्चीवर पाण्याच्या टबात रबरी बेडूक फेकायचा सराव करायचा. हात थांबला तरी रीळ फिरतच राहायचं, आणि दोऱ्याचा असा काही गुंता व्हायचा की तो सोडवायला मलाच दाभण घेऊन बसावं लागायचं.

"आधी मासा ठरवायचा, मग पाणी बघायचं, मग दोरा, सगळ्यात शेवटी काठी," तो मला समजावायचा. "लोक उलटं करतात."

"आणि तू असा मासा ठरवलास की जो या देशातच नाही," मी म्हणायची. यावर तो परत रीळ गुंडाळायला लागायचा.

संक्रांत होऊन गेल्यावर चांगुणाताईचा फोन आला. ही माझी मोठी बहीण. तिला देवळ्याजवळच्या एका खेड्यात दिलंय, घरचा कांदा आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी शेततळं खणलं. मोठा चौकोनी खड्डा, आणि पाणी मुरू नये म्हणून आतून अंथरलेलं जाड काळं प्लास्टिक. तिकडे त्या प्लास्टिकला कागद म्हणतात. तळं भरल्यावर खणलेला मुरूम घराजवळच्या जुन्या विहिरीत लोटून विहीर बुजवली, म्हणून ताईचे सासरे बहिरूआबा तेव्हापासून तळ्यावर रुसलेले. तळ्यात मासे सोडायची कल्पना ताईची एकटीची. घरात सगळे हसले, पण हिनं गणपती गेल्यावर रोहू-कटल्याची बोटुकली आणून सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. ती आता दिसेनाशी झाली होती.

"आधी वाटलं चोर शे," ताई फोनवर म्हणाली. "मग वाटलं पाणकावळा. काल पाहिलं मी, हातभर लांब, काळी, तोंड सापासारखं. वर आली, गुळुक करून हवा घेतली अन् गेली खाली. मरळ शे, स्नेहल, मरळ! माझी समदी पिल्लं गिळून बसली."

"मग जाळं लावा की."

"जाळ्याला शिसं असतं बाई, कागद फाटतो. आत उतरलं तं माणूस घसरतो. पाणी उपसावं म्हटलं तं कांद्याला काय घालू? दुसरी बोटुकली सांगून ठेवलीयेत, ती यायच्या आत ही बया निघाली पाहिजे. अन् कागदाला एक भोक जरी पडलं ना, तं तळं गेलं, त्याच्यामागं कांदा गेला. दाजी घरी आहेत का?"

माझ्या आयुष्यात मासे धरण्यासाठी दीपकला कुणी बोलावल्याचं हे पहिलं उदाहरण. तो जेवता जेवता उठला, माझ्या हातातून फोन घेतला आणि डॉक्टरच्या आवाजात विचारू लागला, "ताई, खोली किती? पाण्यात झाडोरा आहे? तळ कसा आहे, चिखलाचा की दगडांचा?"

"तळ कागदाचा, दाजी," ताई म्हणाली. दीपक परत पाटावर बसला.

त्या संध्याकाळी त्यानं पेटी उघडली आणि मी समोर मांडी घालून बसले. एकेक वस्तू तो हातात घ्यायचा आणि मी विचारायची, हे कागदाला लागलं तर? शिशाची गोळी लावून तळाशी सोडायचे जेवढे प्रकार होते, आणि त्यांना टेक्सास वगैरे मोठमोठी नावं होती, ते सगळे बाद. तीन-तीन तोंडांचे दोन गळ पोटाशी लोंबणारा, चकचकीत डोळ्यांचा लाकडी मासा त्यानं फार प्रेमानं वर उचलला.

"आणि हा घासला तर?"

"चाळणी," तो म्हणाला आणि त्यानं तो परत ठेवला.

"जिवंत बेडूक लावला तर? आमच्याकडे गावात तसंच करायचे."

"मरळ तो घेऊन तळाशी जाते आणि तिथे गिळते. गळही तिच्याबरोबर तळाशी." त्यानं पेटीचा खालचा कप्पा ओढला. "बास आणि मरळ दिसायला वेगळे, पण स्वभाव एक. दबा धरून बसायचं, डोक्यावरून काही पळालं की झडप. म्हणजे वरच्या वर खेळायला हवं."

शेवटी गच्चीवरचा तो रबरी बेडूकच उरला. मी पहिल्यांदाच तो नीट हातात घेऊन पाहिला. आतून पोकळ, म्हणून तरंगतो. दोन गळ पोटातून निघून पाठीवर चिकटून झोपलेले, टोकं वर. माशानं चावा घेतला की रबर दबतं आणि टोकं बाहेर येतात. नाहीतर ती कशालाच अडकत नाहीत. ज्या कुणाच्या डोक्यातून हे निघालं त्याला मी मनातल्या मनात दाद दिली.

"काठी कोणती?"

"मऊ काठी वाकत बसते. तेवढ्यात मासा खाली जातो. ही कडक न्यावी लागेल. आणि दोरा विणलेला, न ताणणारा. पहिल्या झटक्यात तोंड वर यायला हवं."

"आणि रीळ?"

त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं, "या काठीला तेच बसतं. गुंता होणारं."

आम्ही ताईच्या गावी पोचलो तेव्हा तिच्या घरी हळदीकुंकू होतं. कासारीण आलेली होती, आणि मी नको नको म्हणत असताना ताईनं माझ्याही हातात हिरव्या बांगड्या भरल्या. बायका पांगल्यावर मी मागच्या अंगाला गेले. गोठा रिकामा होता. गुरं दिवाळीत विकली, असं ताई म्हणाली होती. गुरांच्या पाण्याच्या हौदात कांद्याच्या जाळीदार गोण्या कोंबून ठेवलेल्या. पलीकडे तळ्याच्या एका कोपऱ्यात आबा उभे होते आणि पितळी तांब्या लोखंडी पाइपावर हळूहळू आपटत होते. तळ्यावर रुसलेला माणूस तळ्याच्या काठी काय करतोय, असं वाटून मी जवळ गेले.

"काय करताय आबा?"

"काय नाय. तांब्या धुतो." त्यांनी उपरण्याची गाठ कमरेला खोचली. त्या गाठीत काहीतरी वळवळत होतं, हे मी शपथेवर सांगेन.

"ही मरळ आली कुठून असेल हो?"

"बगळ्याच्या पायाला अंडी चिकटतस," आबा म्हणाले. "कुठलं पाणी कुठं जातं, कुणाले काय ठाऊक." एवढं बोलून ते घराकडे चालू लागले.

अंडी बगळ्याच्या पायाला चिकटतीलही, पण जुलैत भरलेल्या तळ्यात माघापर्यंत हातभर मरळ? हा हिशेब काही माझ्या डोक्यात बसेना. दीपकला सांगितलं तर तो म्हणाला, आधी निघू दे, मग विचारू तिलाच.

ओसरीवर आम्ही तालीम केली. ताईनं कागदाचा उरलेला तुकडा शोधून दिला. मी भरतकामाची रिंग बरोबर नेली होती. तुकडा तिच्यात ताणून बसवला आणि त्याच्यावरून बेडूक ओढला. ओरखडाही नाही. पालथा करून ओढला तेव्हा मात्र टोक रुतलं आणि कागदावर पांढरी रेघ उमटली. ताईनं तोंडावर हात ठेवला.

आबा खाटेवरून उठून आले. त्यांनी बेडूक हातात घेतला, अंगठ्यानं गळ चाचपला. गळाच्या टोकाखाली एक छोटा उलटा काटा असतो. तो मासा सुटू देत नाही.

"हा काटा दाबी टाका," आबा म्हणाले.

"अहो आबा, तो दाबला तर दोरा जरा सैल पडला की मासा निसटणार," दीपक म्हणाला. "आणि एकदा टोचलेली मरळ परत फसत नाही. आपल्याला एकच संधी आहे."

"निसटनी तं निसटनी. कागद फाटाले नको." थोड्या वेळानं त्यांनी परत विचारलं, "हा दोरा कापतो का?"

"हात कापू शकतो. मी रुमाल गुंडाळतो."

"हाताचं नाय विचारत," आबा म्हणाले, आणि परत खाटेवर जाऊन बसले.

ताईचे डोळे भरून आले. स्वयंपाकघरात ती मला म्हणाली, "पाहिलंस? आबांना शेवटी तळ्याची काळजी लागली गं. इतके महिने तोंड फिरवून होते." दीपकनं पकडीनं दोन्ही काटे दाबून सपाट केले. आपल्या हातानं आपलं हत्यार बोथट करताना त्याचा जीव किती तुटला, ते मला दिसत होतं.

सकाळी ऊन पाण्यावर आल्यावर सुरुवात झाली. पहिल्याच फेकीला रिळावर गुंता. मी दाभण काढलं. दुसऱ्या फेकीला बेडूक तळ्यापलीकडे कांद्यात. त्यानंतर मात्र बेडूक पाण्यात पडू लागला आणि टुणुक टुणुक करत काठाकडे येऊ लागला. मरळ एकदा मधोमध वर आली, हवा गिळली, बेडकाकडे ढुंकूनही न बघता खाली गेली. ताई प्रत्येक फेकीला कागदाकडे बघत होती. आबांना तिनं दूर कडुनिंबाखाली बसवलं होतं. ते उपरणं मुठीत धरून बसले होते.

ऊन चढलं तसं दीपकचा हात दुखायला लागला. मला तो कालचा कोपरा खुणावत होता. आबा तिथंच का उभे होते? मी तिकडे गेले, वाकून पाण्यात पाहिलं. पाय सरकला म्हणून पाइपाला धरलं, तर माझ्या नव्या बांगड्या लोखंडावर खळ्ळकन वाजल्या.

पाणी हललं. अगदी माझ्या पुढ्यात, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, ते काळं चपटं डोकं वर आलं आणि थांबलं. पळालं नाही. माझ्याकडे बघत होतं, असंच मला वाटलं.

"दीपक," मी श्वास रोखून म्हणाले, "इकडे."

मागून आबांचा आवाज आला, "नको, नको!" पण बेडूक सुटला होता. गुंता न होता, सरळ, त्या डोक्याच्या पुढे हातभर अंतरावर तो पडला. एकदाच टुणुक झालं. मग पाण्याला खड्डा पडल्यासारखा आवाज झाला आणि बेडूक दिसेनासा झाला.

"घे वर!" मी ओरडले. दीपकनं काठी दोन्ही हातांनी उचलली. मरळीनं खाली मुसंडी मारली, काठी कमानीसारखी वाकली, दोरा काठावरच्या कागदाला घासत करकरला. ताई किंचाळली, "कागद! दाजी, कागद!" काठी सैल सोडावी तर मासा सुटणार, ओढावी तर दोऱ्यानं कागद चिरणार. दीपक घामाघूम होऊन नुसता उभा राहिला.

तेवढ्यात आबा माझ्या बाजूनं गेले. काठावरून आत सोडलेला दोर त्यांनी धरला आणि या वयात, त्या निसरड्या उतारावरून, ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले. उपरणं ओलं केलं, मरळीखाली घातलं आणि तिला छातीशी धरलं. इतका वेळ थयथयाट करणारी ती मरळ एकदम शांत झाली. बेडूक तिच्या तोंडातून आपोआप गळून पडला. दाबलेल्या काट्यांमुळे तिला साधी जखमही दिसत नव्हती.

ताई धावत काठावर आली. आधी तिनं कागद पाहिला, बोटानं घासलेली जागा चाचपली. मळ पुसल्यासारखी रेघ होती, चीर नव्हती. मग तिनं धुणं बडवायचा लाकडी धोका उचलला. "आबा, खाली टाका तिला. एका दणक्यात संपवते."

"तिले मारू नका," आबा म्हणाले. "तुनी सासूनी मरळ शे ती."

ताईचा धोका हातातच राहिला. सासू, म्हणजे कुसाबाई, जाऊन दोन पावसाळे झाले होते.

आबा पाण्यात उभ्याउभ्याच बोलले. विहिरीत एक मरळ असावी, म्हणजे बेडूक-किडे खाऊन पाणी जितं राहतं, हा तिकडचा जुना रिवाज. ही मरळ कुसाबाईंनी पिल्लू असताना सोडलेली. रोज पाणी शेंदायला गेल्या की विहिरीच्या कठड्यावर बांगड्या वाजवायच्या, मरळ वर यायची, मग पदरात धरून आणलेले नाकतोडे टाकायच्या. विहीर बुजवायच्या आदल्या दिवशी आबांनी तिला ओल्या गोणपाटात गुंडाळून नव्या तळ्यात सोडली. तेव्हा तळ्यात मासे येणार आहेत हे कुठं माहीत होतं? बांगड्या नाहीत म्हणून ते तांब्या वाजवायचे. तांब्याला ती यायची, पण उशिरानं, मनात आलं तर.

म्हणजे काटा दाबायला लावला तो कागदासाठी नव्हताच. आणि मी? मी कुसाबाईंच्या खुणेनं तिला बोलावलं आणि गळाला दिलं. मला फार लागलं ते.

ताईला मात्र संताप आवरेना. "एवढे दिवस माझी पिल्लं जाऊ दिली! मी चोर शोधत फिरले, पाणकावळ्यांना दगडं मारले, अन् तुम्ही गप्प? मला एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगणार होतो?" आबा म्हणाले. "जाताना एवढंच बोलनी ती. गुरं पहा, मरळ पहा. गुरं तं तुम्ही इकली."

ताईनं एकदा मरळीकडे पाहिलं. तिनं धोका खाली ठेवला आणि गोठ्याकडे चालू लागली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. मी मागोमाग गेले तर ती हौदातल्या कांद्याच्या गोण्या उपसून बाहेर फेकत होती. मग पदर खोचून आत उतरली आणि नारळाच्या शेंडीनं हौद घासायला लागली.

"बघत काय उभी राहिलीस?" ती माझ्यावर डाफरली. "मोटर सुरू कर."

मरळ हौदात गेली. पण मरळ उडी मारून बाहेर पडते, झाकण हवं, असं दीपक म्हणाला. मी कांद्याच्या गोण्या उसवल्या आणि एकमेकींना जोडून हौदाएवढी जाळी शिवली. दोरा कोणता घेऊ? साधा दोरा उन्हापाण्यात टिकायचा नाही. मी दीपककडे नुसतं पाहिलं. त्यानं एक उसासा टाकला आणि रिळावरचा तो हिरवा, विणलेला, न ताणणारा दोरा स्वतः सोडून दिला. टाके घालताना मला कळलं की हा दोरा खरंच चांगला आहे.

निघायच्या आधी ताईनं हौदाच्या काठावर बांगड्या वाजवून पाहिल्या. मरळ तळाशी होती, हलली नाही. परत वाजवल्या. काही नाही.

"नाय यायची," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "त्या आवाजानं तिले फसवलं ना."

"ताई, तुझ्या पिल्लांसाठी केलं गं," मी म्हणाले. ताईनं मान हलवली, पण तिची नजर पाण्यावरच होती.

त्यानंतर ताईचे फोन यायचे. नवी बोटुकली आली, सोडली, सुखरूप आहेत. कांद्याला पाणी देऊन झालं. मरळीचं विचारलं की म्हणायची, आबांच्या तांब्याला येते, मला ओळखत नाही. रोज भांडी घासून झाली की बसते मी तिथं, म्हणायची, नाकतोडे घेऊन. दीपकला विचारायची, दाजी, तुमच्या त्या अमेरिकेच्या माशाला आवाज लक्षात राहतो का, एकदा टोचलेलं किती दिवस विसरत नाही? दीपकनं पुष्कळ शोधलं. अमुक माशाचं असं, तमुक माशाचं तसं, बांगड्यांचं कुणीच लिहिलेलं नव्हतं.

कांदा काढायला आला होता तेव्हाची गोष्ट. मी वर्गात मुलींना काज करायला शिकवत होते आणि ताईचा फोन आला. मी कानाला लावला. ती हॅलोही म्हणाली नाही. आधी काचेच्या बांगड्या सिमेंटवर वाजल्याचा आवाज आला. मग नुसती शांतता. मी फोन ठेवणार, एवढ्यात पलीकडून अगदी स्पष्ट ऐकू आलं, गुळुक.

"ऐकलंस?" ताई कुजबुजली. "आबा, ओ आबा, लवकर या!"